भीतीचा चेहरा कोणता?

बाई घरात एकटी आहे. गावात दुसरं माणूस नाही. हाताशी सुरी नाही, कुऱ्हाड नाही, धनुष्यबाण नाही. दारात रानडुक्कर येऊन उभं राहिलंय आणि हलायचं नाव घेत नाही. आता हे आपल्याला चावणार, या विचाराने ती फार घाबरली आहे.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागातल्या फोरे लोकांना १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही गोष्ट ऐकवली जात होती. समोर तीन छायाचित्रं ठेवलेली असत, तिन्ही पाश्चात्त्य माणसांच्या चेहऱ्यांची. गोष्टीशी जुळणारा चेहरा यांतला कोणता, एवढंच सांगायचं. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी माणसं निवडली होती, ज्यांनी कधी सिनेमा पाहिला नव्हता, ज्यांना इंग्रजी किंवा पिजिन येत नव्हती आणि जी गोऱ्यांच्या वस्तीत कधी राहिली नव्हती. १८९ प्रौढ आणि १३० मुलं. मुलांपुढे तीनऐवजी दोनच चेहरे. मित्र भेटल्याचा आनंद, मूल गेल्याचं दुःख, हातघाईवर आलेल्या माणसाचा राग, घाण वासाची किळस अशा गोष्टी एकेक करून सांगितल्या गेल्या आणि बहुतेकांनी अपेक्षित चेहऱ्यावरच बोट ठेवलं. १९७१ साली हा निबंध छापून आला. चेहऱ्यावरच्या भावना जगभर सारख्याच असतात, हे पाठ्यपुस्तकांतलं विधान पुढे अनेक वर्षं मुख्यतः याच कामावर उभं राहिलं.

“हा सूर्य आणि हा जयद्रथ,” आत्या म्हणाली. “आणखी काय पुरावा पाहिजे तुला?”

आत्या सांगलीची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवलं ते हेच गाव, आणि या गावात तिने तीन तपं मुलांना नाटक शिकवलं. भाचा पुण्यात नोकरी करतो. यंत्राला माणसाचे चेहरे ‘वाचायला’ शिकवण्यासाठी चित्रफितींचे जे हजारो तुकडे लागतात, त्यांतल्या प्रत्येकावर भावनेचं नाव लिहिणाऱ्या लोकांपैकी तो एक. दोघांचाही धंदा चेहऱ्याचा. दिवाळीच्या सुट्टीत तो आला आणि फराळाच्या ताटावरच वाद सुरू झाला.

“आत्या, गोष्टीचं शेवटचं वाक्य परत वाच. ‘ती फार घाबरली आहे.’ म्हणजे भावनेचं नाव आपणच सांगितलं. मग तीनपैकी एक उचलायचं. आनंदाच्या गोष्टीला तीन चेहऱ्यांत एकच हसरा असेल, तर चुकणार कोण?”

“अरे, पण जो आयुष्यात कधी गोऱ्यांत राहिला नाही, त्याने गोऱ्याचा हसरा चेहरा ओळखला ना? ते कसं विसरतोस?”

“हसरा ओळखला, कबूल. पण भीतीचं काय झालं ते बघ. भीतीच्या गोष्टीला भीतीच्या चेहऱ्याशेजारी आश्चर्याचा चेहरा ठेवला की प्रौढांना त्यांतला फरक करता आला नाही. हे एकमनच्याच निबंधात आहे.”

आत्या गप्प बसली नाही. एकमननी उलटाही प्रयोग केला होता, हे तिला ठाऊक होतं. फोरे लोकांनाच सांगितलं, तुमचा मित्र आलाय तर तुमचा चेहरा कसा होईल ते करून दाखवा. त्यांचं चित्रण अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना दाखवलं. विद्यार्थ्यांनी राग, आनंद, दुःख, किळस ओळखलं. गडबड झाली ती पुन्हा भीती आणि आश्चर्य यांच्यातच. “म्हणजे दोन्ही बाजूंनी निकाल सारखाच,” ती म्हणाली. “चुका सुद्धा सारख्या. परीक्षा ढिली असती तर चुका कुठेही झाल्या असत्या.”

हा मुद्दा वजनदार आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. दोन अगदी वेगळ्या समाजांतली माणसं एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर त्यांच्या पाहण्यात काहीतरी सामाईक आहे हे मानावंच लागतं.

आत्याचा पाया मात्र एकमनहून जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव, तेहेतीस व्यभिचारी म्हणजे संचारी भाव, आठ सात्त्विक भाव, मिळून एकोणपन्नास. नुसत्या नजरा छत्तीस: आठ रसांच्या, आठ स्थायीभावांच्या आणि वीस संचारी भावांच्या. डोळ्यांच्या बाहुल्या, पापण्या, भुवया, नाक, गाल, ओठ, हनुवटी यांचं वेगवेगळं वर्णन. “माणसाचा चेहरा गावागणिक बदलत असता, तर एवढी बारीक मांडणी कोणी कशाला केली असती?” असं तिचं म्हणणं. मुलांना भय शिकवताना ती तोंड उघडायला कधीच सांगत नाही. आधी श्वास अडकवायचा, मग खांदे आपोआप वर येतात, मान आखडते, आणि सगळ्यात शेवटी डोळे. थेट डोळ्यांपासून सुरुवात केली की मुलगा घाबरलेला दिसत नाही, डोळे वटारलेला दिसतो. हे तिला पुस्तकाने शिकवलं नाही, तालमींनी शिकवलं.

भाच्याने नेमकं तेच पकडलं. “म्हणजे डोळे मोठे केले एवढ्याने भीती होत नाही. श्वास, खांदे, मान, आधी काय घडलं, सगळं लागतं. आणि मला रोज दाखवतात तो फक्त चेहरा. कानांपासून हनुवटीपर्यंत कापलेला.”

त्याने लॅपटॉप उघडून कामाचा नमुना दाखवला. सरावासाठी दिलेली चार सेकंदांची क्लिप. एक तरुण, भुवया वर, तोंड अर्धवट उघडं, मान किंचित मागे. मागची भिंत धूसर केलेली, आवाज काढून टाकलेला. उजवीकडे सात चौकोन: आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस, तटस्थ. एक निवडल्याशिवाय पुढची क्लिप उघडत नाही. आत्याने दोनदा पाहिली आणि भीती म्हणाली. त्याने स्वतः आश्चर्य निवडलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला तो तरुण शिंकेच्या बेतात वाटला. पण शिंकेचा चौकोनच नव्हता, म्हणून त्याने तटस्थ दाबलं.

“मग खरं काय होतं?” आत्याने विचारलं.

“कोणालाच माहीत नाही. त्या तरुणाला कोणी विचारलेलंच नाही. आम्ही बहुमताने जे ठरवू, ते यंत्रासाठी खरं.”

या क्षेत्रातल्या एका प्रसिद्ध संचाचं उदाहरण त्याने दिलं. २०१३ साली एका स्पर्धेसाठी तयार झालेल्या त्या संचात ३५,८८७ चेहरे आहेत, प्रत्येक चित्र अवघं ४८ बाय ४८ ठिपक्यांचं, काळंपांढरं, आणि लेबलं तीच सात. संच तयार करणाऱ्यांनी माणसांनाच ती चित्रं ओळखायला लावली तेव्हा माणसांचे सुमारे ६५ टक्केच अंदाज लेबलांशी जुळले. जगभरच्या असंख्य विद्यार्थ्यांनी आपली पहिली ‘भावना ओळखणारी’ प्रणाली याच चित्रांवर शिकवली आहे.

आत्या डार्विनकडे वळली. वळणं स्वाभाविक होतं, कारण या साऱ्या वादाचा उगम तिथेच आहे. चार्ल्स डार्विनने १८६७ मध्ये एक प्रश्नावली छापून जगभरच्या मिशनऱ्यांना, अधिकाऱ्यांना, ओळखीच्यांना धाडली. सोळा प्रश्न. ऑस्ट्रेलियातून, आफ्रिकेतून, मलायातून उत्तरं आली. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या जे. स्कॉट यांनी तिथल्या मजुरांचं बारकाईने निरीक्षण करून कळवलं. १८७२ मध्ये माणूस आणि प्राणी यांच्या भावाविष्कारावरचं त्याचं पुस्तक निघालं. सगळ्या मानववंशांत चेहऱ्याचे हावभाव बरेचसे सारखे आहेत, म्हणून सगळी माणसं एकाच कुळीची, हा त्याचा निष्कर्ष. त्या काळात गोऱ्या आणि काळ्या माणसांना वेगवेगळ्या जाती मानणारे विद्वान होते. त्यांच्याविरुद्ध डार्विनने चेहऱ्याची साक्ष काढली होती.

“हे लक्षात घे,” आत्याचा आवाज चढला. “सगळ्यांचे चेहरे सारखे बोलतात, हे म्हणण्यात माणुसकी आहे. तू त्याच्या विरुद्ध बोललास की उद्या कोणीही उठून म्हणेल, त्या लोकांना आपल्यासारखं दुःख होतच नाही.”

भाचा थोडा वेळ थांबला. हा आक्षेप त्याने आधी ऐकला नव्हता. मग म्हणाला, “दुःख सगळ्यांनाच होतं, त्याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की मला ते तुझ्या तोंडाकडे बघून कळतं का. आणि डार्विनचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड विस्फारतात का, भुवया वर जातात का? उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. पलीकडच्या माणसाने फक्त ‘होय’ लिहायचं.”

तरीही डार्विन एवढा प्रामाणिक होता की स्वतःविरुद्धचा पुरावाही त्याने पुस्तकात ठेवला. गिओम द्युशेन या फ्रेंच वैद्याने एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन एकेक हावभाव उमटवला होता आणि १८६२ मध्ये त्याची छायाचित्रं छापली होती. डार्विनने त्यांतली काही वीसहून अधिक लोकांना दाखवली, काहीही न सांगता. काही चित्रांवर जवळपास सगळ्यांचं एकमत झालं. काहींवर मात्र जो तो वेगळंच बोलला. शिवाय डार्विन स्वतःबद्दल लिहून गेला आहे: मजकूर वाचत वाचत चित्रं पाहिली तेव्हा जवळपास सगळी अगदी हुबेहूब वाटली, पण मजकूर नसता तर आपणही इतरांसारखेच गोंधळलो असतो.

मजकूर काढून घेतला तर काय होतं, हे पुढे इतरांनीही तपासलं. मारिया जेंड्रन, लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांचे सहकारी नामिबियाच्या वायव्येला राहणाऱ्या हिंबा पशुपालकांकडे गेले. त्यांनी गोष्ट सांगितली नाही आणि शब्दही दिले नाहीत. ३६ छायाचित्रं हातात दिली: सहा माणसं, प्रत्येकाचे सहा चेहरे. ज्यांना एकसारखं वाटतंय त्यांचे ढीग करा, बस. हसरे चेहरे हिंबांनी एकत्र ठेवले. विस्फारलेल्या डोळ्यांचे चेहरे बऱ्याच अंशी एकत्र आले. बाकीचे राग, दुःख, किळस असे वेगळे पडले नाहीत, सरमिसळ झाले. ढिगांना नाव द्या म्हटल्यावर हिंबांनी बऱ्याचदा भावना सांगितली नाही, कृती सांगितली: हा हसतोय, हा कशाकडे तरी बघतोय. आणि आधी भावनांची नावं सुचवली, तेव्हा ढीग पाश्चात्त्यांच्या ढिगांच्या थोडे जवळ सरकले. हा अभ्यास २०१४ चा.

“म्हणजे तुझ्या मते एकमन खोटा?” आत्याने रोखून विचारलं.

“खोटा नाही. त्याने जी परीक्षा घेतली, तिच्यात तेच उत्तर येणार होतं. त्याच्याबरोबर फोऱ्यांत काम केलेल्या रिचर्ड सोरेन्सनने पुढे लिहिलं आहे, की ही माणसं समोरच्याच्या मनात काय आहे ते टिपण्यात फार तरबेज होती. मग विचारणाऱ्याला कोणतं उत्तर हवंय, तेही त्यांनी ताडलं असेल.”

“आणि एकमनने दुभाष्यांना सूचना देऊन ठेवल्या होत्या, त्यांनी इशारे करू नयेत म्हणून. तेही सांग की.”

तेही खरं आहे. आत्या वाद घालताना प्रतिपक्षाची अर्धी बाजू खपवून घेत नाही, स्वतःचीही नाही.

भाच्याने मग आपला हुकमी पत्ता काढला. न्यू गिनीच्याच पूर्वेला ट्रोब्रिअंड बेटं आहेत, मानववंशशास्त्र शिकलेल्या कोणालाही तिथे संशोधन केलेल्या मालिनोव्स्कीमुळे ठाऊक असलेली. कार्लोस क्रिव्हेली आणि सेर्जिओ हारिल्लो हे दोन स्पॅनिश संशोधक तिथे जाऊन राहिले, तिथली किलिव्हिला भाषा शिकले. त्यांनी मुलांना आणि तरुणांना तो जगप्रसिद्ध चेहरा दाखवला: डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, जणू श्वास अडकलाय. पाठ्यपुस्तकांत याच्याखाली ‘भीती’ छापलेलं असतं. ट्रोब्रिअंडच्या मुलांनी तो बहुतेक वेळा रागाचा सांगितला. समोरच्याला धमकावणारा, अंगावर येणारा चेहरा. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं.

आत्याने आरशासमोर जाऊन तो चेहरा करून पाहिला. मग हनुवटी दोन बोटं पुढे काढून पुन्हा केला.

“होतो रे,” ती म्हणाली. “राक्षस असाच करायला शिकवते मी.”

तरी तिने हार मानली नव्हती, आणि मानायचं कारणही नव्हतं. तिच्याकडचा सगळ्यात भक्कम पुरावा अजून बाकी होता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकमधल्या ज्युदोपटूंचे चेहरे डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी तपासले. त्यांत डोळस खेळाडू होते, नंतर दृष्टी गेलेले होते आणि जन्मांध होते. लढत संपल्याच्या क्षणी आणि पदक घेताना कोणते स्नायू हलले ते एकेक करून पाहिलं. तिन्ही गटांत फरक आढळला नाही. जिंकलेल्या जन्मांध खेळाडूचं हसू डोळसासारखंच गालांतून डोळ्यांपर्यंत जात होतं. त्याहून थक्क करणारी गोष्ट पदक समारंभातली. अंतिम लढत हरून रौप्यपदक घेणाऱ्या अंध खेळाडूंनीही तोंडापुरतं, औपचारिक हसू आणलं. ज्याने जन्मात कोणाचा चेहरा पाहिला नाही, त्याला हे शिकवलं कोणी?

“कोणी नाही,” भाचा म्हणाला. “इथे तुझं बरोबर आहे.”

या एका वाक्याने वादाची जागा बदलली. चेहऱ्याचे स्नायू, त्यांच्या हालचाली, काही हालचालींचे ठरलेले जुडगे, हे माणसाला जन्माने मिळतात याबद्दल आता दोघांत मतभेद उरला नाही. तान्ह्या मुलाच्या जिभेवर आंबट थेंब ठेवला की ओठांचा चंबू होतो, कडू ठेवला की तोंड वाकडं होतं; ते त्याला कोणी शिकवत नाही. उरला तो प्रश्न असा: अमुक भावना मनात आली की तमुक चेहरा होतोच का? आणि तमुक चेहरा दिसला की अमुक भावना आहेच, असं म्हणता येतं का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि यांना एक समजण्यातूनच अर्धे घोटाळे होतात.

पहिल्या प्रश्नाला १९७९ सालीच धक्का बसला होता. रॉबर्ट क्राउट आणि रॉबर्ट जॉन्स्टन यांनी अमेरिकेत बोलिंग खेळण्याच्या जागी बसून लोक कधी हसतात ते नोंदवलं. चेंडूने सगळे खुंट पाडले, तरी खुंटांकडे तोंड करून उभा असलेला खेळाडू फारसा हसत नाही. मागे वळून मित्रांकडे बघतो तेव्हा हसतो. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या सुवर्णपदक विजेत्यांचं चित्रण स्पॅनिश संशोधकांनी पाहिलं. पदक समारंभात खेळाडू आनंदाने भरून गेलेले असतानाही हसू मुख्यतः तेव्हा उमटलं, जेव्हा ते अधिकाऱ्यांशी किंवा प्रेक्षकांशी संपर्कात होते. आनंद पूर्ण वेळ होता. हसू दुसऱ्या माणसासाठी होतं.

आत्याला हे लगेच पटलं, कारण रंगमंचावर तिने हे रोज पाहिलं आहे. एकट्याच्या स्वगतात मुलाचा चेहरा मोकळा राहतो. समोर दुसरं पात्र आलं की चेहरा बोलू लागतो. तिची शंका वेगळी होती. “पण मग बघणाऱ्याला कळतं कसं? नाटकाला आलेल्या हजार माणसांना एकाच वेळी रडू येतं. ते काय चुकून?”

“नाटकात त्यांना गोष्ट माहीत असते ना, आत्या.”

टेनिसच्या खेळाडूंवरचा एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची छायाचित्रं घेतली, निर्णायक गुण जिंकल्याच्या किंवा गमावल्याच्या क्षणाची. नुसता चेहरा दाखवला तर लोकांना जिंकलेला कोण आणि हरलेला कोण ते सांगता आलं नाही. नुसतं शरीर दाखवलं, चेहरा झाकून, तर सांगता आलं. जिंकलेल्याच्या धडावर हरलेल्याचा चेहरा चिकटवला तर लोकांनी धडाप्रमाणे उत्तर दिलं. आणि तरीही, आपल्याला कळलं ते चेहऱ्यावरून, असंच लोकांना वाटत होतं. भावना टोकाला गेली की चेहरे एकमेकांसारखे दिसू लागतात. आनंदाने किंचाळणारा आणि वेदनेने किंचाळणारा, दोघांचे दात सारखेच दिसतात.

मग आत्याने जी गोष्ट सांगितली ती भाच्याला नवी होती. चूक झाली, भलतंच बोलून गेलो, की आपल्याकडची माणसं जिभेचं टोक दातांत धरतात. खांदे किंचित वर, मान एका बाजूला. तालमीत तिने हे कोणाला शिकवलं नाही. मुलं घरूनच घेऊन येतात. जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुवनेश्वरच्या आणि अमेरिकेच्या लोकांना चौदा चेहरे दाखवले होते. ओडिशातल्या लोकांना हा जीभ चावलेला चेहरा लाजेचा, ओशाळल्याचा म्हणून सहज कळला. अमेरिकी लोकांना नाही. ओडिशात तर कालीच्या बाहेर आलेल्या जिभेकडेही अनेक जण असंच बघतात: पतीच्या अंगावर पाय पडला म्हणून ओशाळलेली देवी. त्यावर उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांचा प्रसिद्ध निबंध आहे.

“मग हा चेहरा तुझ्या सात चौकोनांत कुठे बसतो?” आत्याने विचारलं.

“बसत नाही. मी बहुतेक आनंद लिहीन. हसल्यासारखा दिसतो.”

आत्याने मान हलवली, पण लगेच दुसऱ्या बाजूचंही मांडलं, कारण ते तिचं आवडतं उदाहरण आहे. अहल्या हेजमादी यांनी नाट्यशास्त्राच्या परंपरेतले दहा भाव स्वतः अभिनित करून त्यांचं चित्रण केलं, आणि रिचर्ड डेव्हिडसन व पॉल रोझिन यांच्याबरोबर ते भारतीय आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना दाखवलं. निबंध २००० सालचा. ज्या अमेरिकी मुलांनी भारतीय नृत्य कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही बरेच भाव योग्य ओळखले. “दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचं शास्त्र अमेरिकेतल्या पोराला कळतं, हे काय कमी आहे?”

कमी नाहीच. पण त्या चित्रणात हात होते, मान होती, धड होतं, वेळ होता. भरताने सात्त्विक आणि आंगिक अभिनय एकमेकांपासून तोडले नव्हते. शिवाय त्याच ग्रंथात आवंती, दाक्षिणात्या, पांचाली आणि औड्रमागधी अशा चार प्रवृत्ती सांगितल्या आहेत; वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांची वेशभूषा, बोली, आचार वेगळे, आणि नटाने ते ओळखून प्रयोग करावा. आत्याच्या ग्रंथात भाच्याचा मुद्दाही बसलेला आहे, हे दोघांपैकी कोणीच आधी लक्षात घेतलं नव्हतं.

हिलरी एल्फेनबाइन आणि भारतात जन्मलेल्या नलिनी अंबाडी यांनी २००२ मध्ये कितीतरी देशांतले अभ्यास एकत्र करून मांडणी केली होती, ती या दोघांच्या मधोमध पडते. माणसं परक्यांच्या भावना निव्वळ अंदाजापेक्षा चांगल्या ओळखतात. आपल्या समाजातल्या माणसांच्या त्याहून चांगल्या ओळखतात. आणि दोन समाजांचा संबंध जितका जास्त, तितकं हे अंतर कमी होतं. अलीकडच्या सगळ्यात मोठ्या प्रयत्नात, २०२१ मध्ये, ॲलन कोवेन आणि सहकाऱ्यांनी १४४ देशांतल्या ६० लाख चित्रफिती यंत्राकडून तपासल्या. लग्न, फटाके, खेळ अशा प्रसंगांशी सोळा प्रकारचे हावभाव जगाच्या बारा भागांत बरेचसे सारख्याच रीतीने जोडलेले आढळले. सुमारे ७० टक्के साम्य. आत्याला हा आकडा फार आवडला. भाच्याने फक्त एवढं सांगितलं, की त्या यंत्राला चेहरे ओळखायला शिकवणारे लोक भारतातले, इंग्रजी जाणणारे होते. जगभरच्या चेहऱ्यांना नावं दिली ती त्याच्यासारख्याच माणसांनी.

इथून पुढे गप्पांना वेगळी धार आली, कारण मुद्दा प्रयोगशाळेतून बाहेर पडला. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून संशयित हेरण्याचा कार्यक्रम चालत असे. एकमन यांनी त्याला सल्ला दिला होता. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने सांगितलं, की हावभावांवरून धोका ओळखता येतो याला उपलब्ध पुरावा आधार देत नाही. पुढचा निधी मर्यादित ठेवा. आपल्याकडे जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी शहरात दोनशे ठिकाणी असे कॅमेरे लावण्याची योजना जाहीर केली, की जे बाईच्या चेहऱ्यावरून ती त्रासात आहे हे ओळखतील आणि पोलिसांना कळवतील.

“बाई रस्त्यावर त्रासात असते तेव्हा तिचा चेहरा कसा असतो, हे कोणा बाईला विचारलं होतं का?” आत्या म्हणाली. तिचा राग खरा होता. “काही दाखवायचंच नाही, हेच तर शिकवतात मुलींना. मान खाली, चेहरा कोरा, पाय भराभर. तुझ्या सात चौकोनांत ती तटस्थ ठरेल. आणि मैत्रिणीशी भांडत जाणारी पोरगी पकडली जाईल.”

चेहरे सगळीकडे सारखेच बोलतात, असं सकाळी ठासून सांगणारी आत्याच हे बोलत होती. पण यात विसंगती नाही. कोणत्या जागी काय दाखवायचं आणि काय झाकायचं, याचे संकेत समाज घालून देतो, हे एकमन आणि फ्रीसन यांनीही मानलं होतं. जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या तेव्हा एकटे असताना दोघांचे चेहरे सारखे झाले आणि संशोधक समोर आल्यावर जपानी विद्यार्थ्यांनी ते हसण्याखाली झाकले, हे त्यांचंच निरीक्षण. चेहरा झाकता येतो हे एकदा मान्य केलं, की भर रस्त्यातला कॅमेरा नेमकं काय वाचणार, हा प्रश्न एकमनवाद्यांनाही सोडवावाच लागतो. बॅरेट आणि इतर चौघांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात हे योगायोगापेक्षा जास्त वेळा खरं ठरतं, पण बहुतेक वेळा माणूस आठ्या न घालताच रागावलेला असतो आणि आठ्या घालणारा रागावलेला असतोच असं नाही, असंच दिसलं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणा वापरायला बंदी आहे; वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत.

“मग तू हे काम सोडणार का?” आत्याने विचारलं.

तो सोडणार नव्हता. सुधारणा कुठे करता येईल याचा त्याने विचार केला होता. त्या २०१३ च्या संचावर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पुन्हा काम केलं: प्रत्येक चेहरा दहा जणांना दाखवला आणि दहाच्या दहा मतं जपून ठेवली. चार जणांना भीती वाटली आणि सहा जणांना आश्चर्य, तर यंत्राला तेही शिकता येतं. मतभेद पुसून टाकायची गरज नसते. भाच्याला आपल्या वरिष्ठांपुढे दोन गोष्टी मांडायच्या होत्या. ‘सांगता येत नाही’ असा आठवा चौकोन द्या. आणि क्लिपच्या आधीची दहा सेकंदं, आवाजासह, दाखवा.

आत्याने तिसरी सुचवली: चेहरा कुठल्या माणसाचा आणि नाव देणारा कुठला, हे दोन्ही नोंदवून ठेवा. त्याने ती वहीत लिहून घेतली. आठवा चौकोन मिळेल असं त्याला वाटत होतं. क्लिप लांबवणं मात्र अवघड, कारण मोबदला क्लिपमागे मिळतो आणि क्लिप लांबली की तासाभरात होणाऱ्या क्लिपा कमी होतात.

“मग दर तासावर मागा,” आत्या म्हणाली. “हे चौथं लिही.”